फ्रीजचा पारा

पृथ्वीच्या पाठीवर आजवर जेवढ्या प्रेमी जीवांच्या पहिल्या भेटी झाल्या असतील, तेवढ्या सगळ्या तराजूच्या एका पारड्यात घातल्या आणि फ्रीज आणि लिफ्टवाल्याची पहिली भेट दुसऱ्या पारड्यात घातली, तर पहिलं पारडं छताला जाऊन आपटेल.

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती. आत माणसं इतकी, की श्वास पाळीपाळीनं घ्यावा लागत होता. एक गृहस्थ आपलं मृत्युपत्र तोंडी सांगत होते आणि ऐकायला कुणी मोकळं नसल्यामुळे आरशाला सांगत होते. एक बाई दाराला लाथा मारत होती आणि दुसरी त्या बाईला. एवढा गलका, की गच्चीवरची कबुतरं जी उडाली ती म्हणे थेट शेजारच्या देशात उतरली. लिफ्ट दुरुस्त करणारा हत्यारांची पिशवी सावरत जिने चढून वर आला, तोवर मात्र आतून चकार शब्द येईनासा झाला होता. सगळे गेले, असं समजून त्यानं दार फाकवलं आणि खाली डोकावून पाहिलं.

खाली सगळे मांडी घालून बसले होते. मधोमध एक तरुणी बसली होती आणि लाथा मारणाऱ्या बाईला विचारत होती, "बरं, मग त्यावर तुमची नणंद काय म्हणाली?"

"चला, बाहेर या," लिफ्टवाला म्हणाला.

"थांबा हो जरा!" मृत्युपत्रवाले गृहस्थ खेकसले. "माझा नंबर यायचाय अजून."

लिफ्टवाल्याच्या हातून पाना सुटला तो तिच्या चपलेपाशी जाऊन पडला. तिनं तो उचलून वर दिला आणि विचारलं, "जेवलात का?" आठ वर्षं तो अडकलेल्या माणसांना बाहेर काढत होता. शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा छत्रीचा मारही खाल्ला होता. पण जेवलात का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्याच क्षणी त्याचा निकाल लागला.

तिला फ्रीज म्हणत, कारण ती तापत नसे. घरगुती यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारीच्या खिडकीत बसे. ही खिडकी म्हणजे शहरातल्या यच्चयावत रागाची मोरी. कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं, की माणूस त्या यंत्राबरोबर आपला साहेब, शेजारी, जावई आणि गुडघा या सगळ्यांचा राग घेऊन खिडकीशी येई. फ्रीजच्या आधी तिथं बसलेल्या माणसांपैकी एकानं नोकरी सोडून मधमाश्या पाळल्या. त्या मानानं सौम्य, असं तो सांगे.

फ्रीजची पद्धत वेगळी होती. "शांत व्हा" हे दोन शब्द ती कधी उच्चारत नसे. तापलेल्या माणसाला शांत व्हा म्हणणं म्हणजे उकळत्या तेलात पाण्याचा हबका मारणं. ती एवढंच विचारी, "आवाज कसा येतो?" माणूस गोंधळे. आवाज कसा सांगणार? मग ती स्वतः काढून दाखवी. "असा का? गुळुक, गुळुक, घप्प?" नाही, असा नाही. "मग असा? किरर्र, टक, किरर्र?" हळूहळू तो माणूसही आवाज काढू लागे. मोठ्या हुद्द्यावरची, टायबिय लावलेली माणसं खिडकीत वाकून गुळगुळ करत. आणि गालांचा चंबू करून गुळगुळ करणाऱ्या माणसाला रागावलेलं राहता येत नाही; ते शरीराला जमतच नाही.

तिच्या आवाजांतला मुकुटमणी म्हणजे धुण्याच्या यंत्राचं झिजलेलं बेअरिंग. हा आवाज पोटातून निघे. आधी बारीक "हुंऽऽऽ", मग चढत चढत "घर्रर्रर्र", आणि कळसाला पोचला की "खडाड्, खट्, खडाड्!" त्यासरशी खांदे हलत, केस विस्कटत, डोळे बटाट्याएवढे होत. आतल्या खोलीतले मेकॅनिक हातातला चहा खाली ठेवून ऐकत. "काय बेअरिंग लावलंय आज!" असं एकमेकांना म्हणत.

नेमका हाच आवाज चालू असताना दिग्दर्शिकाबाई दुकानात शिरल्या.

या बाई टीव्हीवर 'नवरीचा पारा' नावाचा कार्यक्रम करत. तो ज्यांनी पाहिला नाही ते भाग्यवान. लग्न ठरलेली एक मुलगी निवडायची आणि तिची तयारी कॅमेऱ्यानं टिपायची. पडद्याच्या कोपऱ्यात तापमापकाचं चित्र. नवरी चिडली, रडली, किंचाळली, की पारा वर चढे. काच फुटली, की हॉलचा आणि मधुचंद्राचा सगळा खर्च वाहिनीचा. नाही फुटली, तर एक फुलदाणी. आजवर फुलदाणी कुणालाच मिळाली नव्हती.

बाईंचं स्वतःचं यंत्र बिघडलं होतं आणि त्या भांडायला आल्या होत्या. पण काचेपलीकडे विस्कटलेल्या केसांनी घर्रर्र करणारी तरुणी दिसली आणि त्या भांडण विसरल्या. खाटकानं धष्टपुष्ट बोकडाकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"लग्न ठरलंय का गं तुझं?" त्यांनी विचारलं.

"हो, पुढच्या महिन्यात. आवाज कसा येतो तुमच्या यंत्राचा?"

"तुझ्यासारखाच!" बाई हर्षभरानं ओरडल्या.

फ्रीजला काही हे करायचं नव्हतं. पण तिची आई 'नवरीचा पारा' इतकं मन लावून पाही, की जाहिरातीतसुद्धा उठत नसे. "अगं, करून टाक बाई," आई म्हणाली. "एवीतेवी लग्न करायचंच आहे. आणि मी पण दिसेन." लिफ्टवाला म्हणाला, "गंमत येईल. तू काय, तू तर चिडतच नाहीस. फुलदाणी घेऊन येऊ." दोघांच्या आनंदावर विरजण घालणं फ्रीजच्या जिवावर आलं. तिनं सही केली.

पहिल्याच दिवशी दिग्दर्शिकाबाईंनी तिला खुर्चीत बसवून सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. "आता तुला कुठल्या खणात टाकायचं?" त्या पुटपुटल्या.

"खण?"

"नवऱ्या चार प्रकारच्या असतात. रडकी, हावरी, मैत्रिणीवर जळणारी आणि कजाग. पाचवी अजून जन्माला यायचीय. तू कजागमध्ये."

"आणि नवरे किती प्रकारचे असतात?" फ्रीजनं कुतूहलानं विचारलं.

बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू माशाला गुडघे किती असं कुणी विचारलंय. "नवरे एकाच प्रकारचे. बिचारे."

मग सुरू झाला तो चिडवण्याचा कारखाना. कपड्यांच्या दुकानात फ्रीजला लग्नाचा पोशाख म्हणून जे हाती दिलं, ते तिच्या मापाचं नव्हतंच. त्यात ती, तिची आई आणि दुकानदार असे तिघं लग्नाला उभे राहू शकले असते. कॅमेरा नाकाशी आला. फ्रीज आरशात पाहून म्हणाली, "शिंप्याचा दिवस वाईट गेलेला दिसतो. घरी सगळं ठीक आहे ना त्याचं?" शिंपी पडद्याआड लपवून ठेवलेला होता; तो बाहेर आला आणि घरचं सगळं सांगू लागला. ते संपेपर्यंत दुकान बंद करायची वेळ झाली.

दुसऱ्या दिवशी तिच्या डोळ्यांदेखत केक पाडला. पाडणाऱ्या माणसाचा पाय केकवरून घसरून मुरगळला, आणि फ्रीजनं त्यावर बर्फ धरला. मग लिफ्टवाल्याच्या बहिणीला सांगितलं, नवरीसारखाच पोशाख घालून समोरून चाल. ती बिचारी चालली. फ्रीज म्हणाली, "तुला किती छान बसलाय! माझा तेवढा आत घ्यायला सांग ना." पारा तळाशी बसून राहिला. एव्हाना प्रकाशवाला, आवाजवाला आणि कॅमेरावाला, तिघंही कामाच्या मधल्या वेळात तिच्या खुर्चीशेजारी येऊन बसू लागले होते. प्रकाशवाल्याचं बायकोशी पटत नव्हतं. आवाजवाल्याला घरमालक त्रास देत होता. कॅमेरावाल्याला काहीच दुःख नव्हतं, पण बाकीचे बोलतात म्हणून तो शाळेतलं एक जुनं भांडण उकरून काढी.

सगळ्यांत तापल्या त्या दिग्दर्शिकाबाई. "माणूस आहेस की बर्फाची लादी?" त्या ओरडल्या. त्यांनी डोक्यावरचे हेडफोन काढून आपटले, कागद भिरकावले, खुर्चीला लाथ मारली. तापमापक त्यांच्याकडे वळवला असता तर काच त्याच घटकेला फुटली असती.

"खूप झालं ना?" फ्रीज म्हणाली. "बसा. कुठं दुखतं?"

बाई बसल्या आणि रडल्या. वाहिनीचे साहेब दर आठवड्याला ओरडतात, म्हणाल्या. मागच्या नवरीनं सहा बशा फोडल्या, आता सातवी कोण फोडणार? आणि घरचं यंत्र अजून बंदच आहे. जाता जाता डोळे पुसत त्यांनी सहज विचारलं, "तो तुझा बेअरिंगचा आवाज एकदा काढतेस? कॅमेऱ्यावर. कामाची झलक म्हणून."

फ्रीजनं काढला. तिला वाटलं, बाईंना जरा बरं वाटेल.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात कार्यक्रमाचा पहिला भाग दाखवला. फ्रीजच्या घरी आई नवे कपडे घालून टीव्हीपुढे बसली होती. पडद्यावर फ्रीजनं तो ढगळ पोशाख पाहिला, आणि पुढच्याच क्षणी पडदाभर तिचा चेहरा आला: डोळे बटाटे, केस विस्कटलेले, "हुंऽऽऽ घर्रर्रर्र खडाड् खट् खडाड्!" तिकडे शिंप्याचा भेदरलेला चेहरा. केक पडला: "घर्रर्रर्र!" नणंद समोरून चालली: "खडाड्!" मागून ढोल वाजत होते. पारा सरसर वर गेला. शेवटी एक जड आवाज म्हणाला, "या नवरीला कोण आवरणार?" आणि पडद्यावर लिफ्टवाला दिसला, घाम पुसताना. तो घाम त्याला पायरीवर बसून तिखट वड्यांचा भलामोठा डबा संपवताना आला होता, पण ते कोण सांगणार?

आईनं टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "मी कुठं दिसलेच नाही."

दुसऱ्या दिवशी खिडकीवर सामसूम. लोक रांगेत उभे राहत, काचेपलीकडे तिला बघत आणि "नाही, नाही, चालतंय आता, बरं चालतंय," म्हणत मागच्या मागे सटकत. एका आजोबांनी तर बंद पडलेला पंखा तिच्यापुढे ठेवून माफी मागितली. आठवडाभरात तक्रारी निम्म्यावर आल्या आणि मॅनेजर इतका खूश झाला, की त्यानं तिचं टीव्हीवरचं चित्र मोठं करून दारावर लावलं.

हे सगळं फ्रीजनं हसून घालवलं असतं. जगाचं काय, जग टीव्ही बघतं आणि पंखा परत नेतं. तिला घोर लागला तो लिफ्टवाल्याचा. दोन वर्षं त्यानं तिला पाहिलं होतं: तापात, उपासात, तुंबलेल्या मोरीपुढे. आणि आता तो तिच्याशी बोलताना दाराजवळची खुर्ची निवडू लागला. पाणी देताना पेला ढकलून देऊ लागला. कुठलंही वाक्य संपलं, की विचारी, "चिडलीस का?"

"नाही रे."

"नक्की ना? नाही, म्हणजे चिडली असशील तरी चालेल. सांगून चिड फक्त."

त्याच्या आईनं आणखी कहर केला. ती माउली आधी हबकली होती, पण शेजारणी ज्या आदरानं येऊन चौकशी करू लागल्या, तो पाहून तिचा भाव वधारला. "सून म्हणजे वाघीण आहे," असं ती जिन्यावर उभी राहून सांगे. "ऐकलंत ना आवाज? जाग येईल अख्ख्या इमारतीला." लग्नाला न येणारे नातलगही आता येतो म्हणाले. सगळ्यांना एकच पाहायचं होतं: ती घर्रर्र कधी करते.

शेवटी फ्रीजनं लिफ्टवाल्याला समोर बसवलं आणि सगळं उलगडून सांगितलं. तो आवाज बेअरिंगचा. तो खुर्चीत बसून काढलेला. पोशाख वेगळ्या दिवशी, केक वेगळ्या दिवशी. तिनं त्याच्यापुढे पुन्हा एकदा तो आवाज काढून दाखवला. लिफ्टवाला आधी खुर्चीसकट मागे सरकला, मग ऐकत राहिला आणि मग पोट धरधरून हसला. "अरेच्चा! हे तर बेअरिंगच!" तो म्हणाला. "आणि मी आठवडाभर झोपलो नाही!" त्यानं पेला तिच्या हातात दिला. फ्रीजच्या मनावरचा धोंडा उतरला. नवरा शाबूत होता; बाकी दुनिया गेली खड्ड्यात.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा लोक खिडक्यांवर बसले. प्लॅस्टिकच्या फुलांच्या कमानीखाली भलामोठा तापमापक उभा केला होता, आत लाल दिवे. मागच्या खोलीत आई फ्रीजच्या पाठीवरची बटणं लावत होती. ती इतकी होती, की वरचं लावेपर्यंत खालचं सुटे. एवढ्यात लिफ्टवाला आत आला. त्याच्यामागून दिग्दर्शिकाबाई, कॅमेरावाला आणि आवाजवाला.

"ऐक ना," लिफ्टवाला म्हणाला. त्याचं लक्ष स्वतःच्या बुटांकडे होतं. "लोक फार आलेत. आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय. आणि बाई म्हणतात, काच फुटली तर मधुचंद्राला थेट समुद्रकाठी. एकदाच करतेस? तो बेअरिंगचा? माझ्या अंगावर कर. मी घाबरल्यासारखं करीन."

फ्रीजनं त्याच्याकडे पाहिलं. "तुला माहितीय तो कसला आवाज आहे."

"हो, म्हणून तर! खरं थोडंच आहे? आपल्याला माहितीय, बस झालं. लोकांना काय कळतंय?"

"आणि उद्यापासून तुझ्या घरी मी कोण?"

"अगं, घरी काय, आई सगळ्यांना वाघीण म्हणून सांगते, तिला बरं वाटतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तू कुठं चिडतेस?"

तेव्हा फ्रीजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिचा आवाज खाली गेला. इतका खाली, की आवाजवाल्यानं कानावरचं यंत्र घट्ट दाबलं आणि माइकची दांडी तिच्या तोंडाशी आणली.

"तू घाबरला होतास, तेव्हा मला तुझा राग नाही आला," ती म्हणाली. "तुला फसवलं होतं. आता तुला ठाऊक आहे, आणि तरी म्हणतोस तशी हो. मी नाही करणार."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा आणखी जवळ आणला.

"कट!" दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या. "नाही पोचत हो. चेहऱ्यावर काहीच नाही. पारा टिचभरसुद्धा हलायचा नाही यावर. हेच बोल, पण जरा मोठ्यानं, आणि हातात काहीतरी घे. अरे, ती फुलदाणी द्या रे तिला."

कुणीतरी फुलदाणी दिली. फ्रीजनं ती टेबलावर नीट ठेवली, काठापासून आत सरकवून.

"चिडलीस का?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"हो," फ्रीज म्हणाली.

त्यानं तिला निरखून पाहिलं. डोळे जागेवर होते, केस जागेवर होते. त्याला हायसं वाटलं. "छे," तो हसून म्हणाला, "चिडली असतीस तर ओरडली असतीस."

फ्रीज आईकडे पाठ करून उभी राहिली. "आई, बटणं काढ."

"अगं, आत्ता कुठं लावून झाली..." आईनं तोंड उघडलं, मग लेकीच्या कानांकडे तिची नजर गेली. या मुलीचे कान असे लाल झालेले तिनं जन्मात पाहिले नव्हते. तिनं बटणं काढायला घेतली. खालून वर, एकेक. बाहेर लोक टाळ्यांचा ठेका धरून "पारा! पारा!" ओरडत होते. लिफ्टवाला अजून हसतच होता, कारण आता कुठल्याही क्षणी ती हसेल अशी त्याची खात्री होती. फ्रीजनं घरचे कपडे घातले, पोशाखाची घडी केली आणि आवाजवाल्याला विचारलं, "घरमालकाचं मिटलं का?" तो नाही म्हणाला. मग मायलेकी मागच्या दारानं, डब्यांच्या आणि रिकाम्या खोक्यांच्या बोळातून बाहेर पडल्या आणि बस पकडून घरी गेल्या.

लग्न झालं नाही. कार्यक्रमात मात्र ते झालं. नवरी पाठमोरी होती, आणि पोशाख तिला छान बसला होता.